सेल्फी नौका आणि चौथं ब्लँकेट

२०२४च्या डिसेंबरातला रविवार. तलासरी तालुक्यातला एक पाडा. मुंबईहून तीन गाड्या आलेल्या, मागच्या काचांवर एकाच मापाचे स्टिकर, डिकीत ब्लँकेटं. पाड्यावरच्या लोकांना रांगेत बसवायला पाच मिनिटं पुरली, कारण त्यांना आता सवय झाली आहे. बॅनर लावायला मात्र पाऊण तास गेला. बांबू मिळेना, बांबू मिळाला तर सुतळी मिळेना, आणि सगळं जमलं तेव्हा नेमकी आंब्याची सावली अध्यक्षांच्या चेहऱ्यावर पडायला लागली. मग पुन्हा बांबू उपटले.

पहिल्या रांगेतल्या आजीला ब्लँकेट देण्यात आलं. फोटोवाला म्हणाला, "आजी, इकडे बघा. जरा हसा की." आजी हसली नाही. ब्लँकेट परत घेण्यात आलं, पुन्हा देण्यात आलं. तिसऱ्या खेपेला आजी कशाला तरी हसली, बहुतेक आम्हालाच, आणि फोटो छान आला.

नंतर मी तिच्या घरी पाणी प्यायला गेलो. कुडाच्या भिंतीला टेकून पत्र्याची पेटी, पेटीवर तीन ब्लँकेटं. पारदर्शक पिशव्यांमध्ये, चेनसुद्धा न उघडलेली. चौथं तिने त्यांच्यावर ठेवलं आणि कडा जुळवल्या.

"पांघरत का नाही, आजी?"

"ती पाहुण्यांची आहेत," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी येतात नि विचारतात, मागचं कुठंय."

रात्री पांघरायची तिची गोधडी दोरीवर उन्हाला पडली होती.

पाहुणे दुपारी बोर्डीला सुरूच्या बनात जेवले, घोलवडचे चिकू घेतले आणि अंधार पडायच्या सुमाराला वर्सोवा पुलाच्या कोंडीत अडकले. मदतीच्या वाटेत आलेली एवढीच काय ती नाकेबंदी.

या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपात मीही आहे. जागा दाखवणारा स्थानिक माणूस लागतो, तो मी. जून २०२५मध्ये त्या ग्रुपात एक बातमी फिरली. 'मॅडलीन' नावाची एक शिडाची छोटी नौका बारा माणसं घेऊन इटलीतल्या सिसिली बेटावरून गाझाकडे निघाली होती. तिच्यात थोडा तांदूळ, पीठ, तान्ह्या बाळांची दूध-पावडर, औषधं आणि ग्रेटा थुनबर्ग. ९ जूनला इस्रायली नौदलाने तिला भर समुद्रात ताब्यात घेतलं आणि इस्रायलच्या परराष्ट्र खात्याने तिचं बारसं केलं: सेल्फी नौका. आमच्या ग्रुपात हसून रडणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची माळ लागली. "निव्वळ नौटंकी," असं एकाने लिहिलं. "फोटो काढायचे धंदे." हे लिहिणारे गृहस्थ बॅनरवर डावीकडून दुसरे.

मला वाटलं, फोटोतल्या माणसाने फोटोवर बोलू नये असा नियम थोडाच आहे.

पण मॅडलीन हे कुणाचं नाव, हे ग्रुपात कुणी विचारलं नाही. डहाणूच्या बंदरावर विचारलं असतं. तिथे बोटीचं नाव आधी विचारतात, मासळी मग. मॅडलीन ही गाझातली मासेमारी करणारी बाई. वडील आजारी पडल्यावर तेराव्या वर्षापासून होडी घेऊन समुद्रात जाणारी. आमच्याकडे बायका बोंबील वाळवतात, पाट्या वाहतात, बाजार धरतात, पण होडी घेऊन एकटी जाणारी बाई मीही पाहिलेली नाही. तर तिचं नाव त्या नौकेला. आणि तिचा समुद्र किती? ओस्लो करारात गाझाच्या मच्छीमारांना किनाऱ्यापासून वीस सागरी मैल मोकळे ठेवायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात ते कधी सहा झाले, कधी तीन. तीन मैल म्हणजे काय, हे डहाणूच्या तांडेलाला सांगावं लागत नाही. तेवढ्यात पोर पाण्यात खेळतं. पापलेट तिथे येत नाही.

दुसरा टोमणा असा की एवढ्याशा बोटीत मावून मावून किती पीठ मावणार? बरोबर आहे, फार नाही. दोन ट्रकसुद्धा भरले नसते. पण आमच्याच रेल्वेमार्गावर वलसाडच्या पुढे धरासणा आहे. २१ मे १९३०ला तिथल्या मिठागरावर सरोजिनी नायडूंच्या मागे सत्याग्रही रांगेने चालत गेले आणि रांगेनेच लाठ्या खात पडले. मिठाच्या हिशेबात तो दिवस साफ तोट्याचा. हिशेबनीस नेमला असता तर त्याने शेरा मारला असता: माणसे जखमी, माल शून्य. तो शेरा इंग्रजांनी मारलाही असेल. जगाने मात्र वेगळं काही वाचलं, कारण वेब मिलर नावाचा एक अमेरिकन बातमीदार तिथे उभा होता आणि त्याने मोजत मोजत लिहिलं. त्या काळचा सेल्फी तोच.

माझं एक ओबडधोबड माप आहे. मदत खरी की देखाव्याची, हे तिचं वजन करून कळत नाही. तिला कुणी अडवलं का, ते बघावं. तलासरीला येणाऱ्या ब्लँकेटांना आजवर एकाही सावकाराने, ठेकेदाराने, पुढाऱ्याने अडवलेलं नाही. अडवतील कशाला? ब्लँकेटाने कुणाचं काय बिघडतं?

याच तालुक्यात एक बाई आल्या होत्या, त्यांनी ब्लँकेट आणलं नव्हतं. १९४५च्या मे महिन्यात झरी गावात वारल्यांची सभा भरली आणि गोदावरी परुळेकरांनी आणलेला माल तिथे वाटला गेला. माल म्हणजे एक वाक्य: वेठ करायची नाही. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं नाही. वजन काहीच नाही, पिशवीसुद्धा लागत नाही. पण ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, पाच आदिवासी मेले, आणि पुढे शामराव आणि गोदावरी परुळेकरांना जिल्ह्यात पाऊल टाकायची बंदी झाली. एका वाक्यासाठी अख्खा ठाणे जिल्हा बंद. बाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं, १९७०मध्ये. त्याला पुढे साहित्य अकादमीही मिळाली. ज्यांनी हद्दपार केलं त्यांचे नातू आता ते पुस्तक स्पर्धा परीक्षेसाठी वाचतात.

असो. नौकांकडे परत.

'मॅडलीन'च्या आधीचा इतिहासही ग्रुपला ठाऊक नव्हता. ऑगस्ट २००८मध्ये दोन लहान बोटी गाझाला खरोखर पोचल्या होत्या. कुणी अडवलं नाही. मग २००९च्या जानेवारीत समुद्र अधिकृतपणे बंद झाला. ३१ मे २०१०ला सहा जहाजांच्या ताफ्यावर इस्रायली कमांडो उतरले. त्यातल्या 'मावी मारमारा' या तुर्की जहाजावर नऊ माणसं मारली गेली आणि दहावा जखमी चार वर्षांनी गेला. २०२५च्या ऑगस्टअखेर बार्सिलोनाहून पुन्हा ताफा निघाला. 'ग्लोबल सुमूद फ्लोटिला'. चाळीसच्या वर बोटी, साडेचारशेच्या आसपास माणसं, त्यांत नेल्सन मंडेलांचा नातूही. त्याच ऑगस्टच्या २२ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने चालणाऱ्या अन्नसुरक्षेच्या यंत्रणेने गाझा शहर आणि आसपास दुष्काळ पडल्याचं जाहीर केलं होतं. हा दुष्काळ पाऊस न पडल्याने आलेला नव्हता. ट्रक सीमेवर उभे होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या तीन दिवसांत एकेक करून सगळ्या बोटी धरल्या. माणसं नेगेवच्या वाळवंटातल्या तुरुंगात.

आमच्या ग्रुपात तोवर देशभक्तीला भरती आली होती. "भारताने असले उद्योग कधी केले नाहीत," असं एका निवृत्त साहेबांनी लिहिलं. साहेबांना १९८७ आठवत नसावं. त्या वर्षी श्रीलंकेच्या सैन्याने जाफना कोंडलं होतं. ३ जूनला दिल्लीने रामेश्वरमहून मच्छीमार बोटींचा ताफा सोडला, आत तांदूळ, डाळ, औषधं, वर रेडक्रॉसची खूण. श्रीलंकेच्या नौदलाने तो समुद्रातच थांबवला आणि माघारी धाडला. शब्दशः 'मॅडलीन'. फरक एवढाच की आपल्यापाशी हवाई दल होतं. दुसऱ्या दिवशी पाच एएन-३२ विमानांनी जाफन्यावर पंचवीसेक टन शिधा टाकला आणि सोबतीला मिराज लढाऊ विमानं गेली. पिठाच्या पोत्याला मिराजचं संरक्षण, हा मान ग्रेटाबाईंना मिळाला नाही. त्या विमानांमागे दिल्लीचं राजकारण होतं, निव्वळ करुणा नव्हे, हे कबूल. पण दुसऱ्याच्या नाकेबंदीत शिधा घेऊन शिरायचं नसतं, हा धडा निदान आपण कुणाला देऊ नये.

आणि नाकेबंदी करणाऱ्या बाजूलाही आपण बसून आलो आहोत, तेही तलासरीच्या बांधाला बांध लावून.

१९५४ साली दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, आणि दमणहून तिथे जायचं तर मधला पट्टा भारताचा. वापीच्या आसपासचे थोडे मैल. भारताने ते मैल हळूहळू आवळत आणले. परवाने कमी, मग पोलिसांना बंदी, मग अधिकाऱ्यांना. २२ जुलैला दादरा पडलं. २ ऑगस्टला सेलवास. पडलं म्हणजे कुणी पाडलं, तर त्यात एक संगीतकारही होता: सुधीर फडके. बाबासाहेब पुरंदरे होते. राजा वाकणकर होते. या मोहिमेसाठी पैसा उभा करायला पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. दुसऱ्या बाजूने लाल बावट्याचे वारलीही आत शिरले होते आणि ते सेलवासला पुढे पोचू नयेत याची काळजी आपल्याच काही मंडळींना पोर्तुगीजांपेक्षा जास्त होती, पण तो विषय पुन्हा कधीतरी. पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आपली पलटण घेऊन खानवेलच्या जंगलात फिरत राहिला आणि ११ ऑगस्टला उधव्याला येऊन भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. उधवा तलासरी तालुक्यात. साम्राज्याचा सूर्य आमच्याकडे असा मावळतो, एसटीच्या थांब्याजवळ.

पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. म्हणणं असं: आमच्या माणसांना आमच्याच मुलखात जाऊ देत नाहीत. भारताच्या वतीने सेटलवाड उभे राहिले. दोन्ही देशांना आपापला एक न्यायाधीश तात्पुरता बसवता येतो, त्या खुर्चीत भारताकडून बसले मोहम्मद करीम छगला, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. १२ एप्रिल १९६०ला निकाल लागला, आणि तो शिळा झालेला नाही. साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जाऊ द्यायची पोर्तुगालची वहिवाट न्यायालयाने मान्य केली, भारताच्या देखरेखीखाली. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना मात्र वाट नाही. आणि जुलै १९५४च्या तापलेल्या दिवसांत भारताने वाट अडवली, त्यात नऊ विरुद्ध सहा मतांनी भारताची चूक दिसली नाही.

म्हणजे पीठ वेगळं आणि काडतूस वेगळं, ही विभागणी हेगने आमच्या शेजारच्या शिवारावरून केली आहे. 'सगळंच बंद' म्हणणाऱ्याला आधी हे सांगावं लागतं की पोत्यात काय होतं. बाळाच्या दुधाच्या पावडरीपासून कुठलं हत्यार होतं, ते ऐकायला मी तयार आहे.

(हेगच्या निकालानंतर वर्षभराने हा मुलूख भारतात विलीन करायचा ठरला तेव्हा सही करायला तिकडचा सत्ताधीश हवा होता. बडलानी नावाच्या भारतीय सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं तिथला पंतप्रधान करण्यात आलं आणि त्यांनी नेहरूंच्या बरोबरीने करारावर सही केली. आमच्या भागात पंतप्रधानपदाला हल्ली एवढी कमी गर्दी नसते.)

आज त्याच सीमेवर नाकेबंदी असते ती बाटलीसाठी. दमण आणि सेलवासची स्वस्त दारू महाराष्ट्रात येऊ नये म्हणून उत्पादन शुल्क खात्याचं पथक झाडाखाली उभं असतं. डिकी उघडायला लावतात. ब्लँकेटं दिसली की सलाम करून सोडतात.

आता न्यायालयाचाच विषय निघाला आहे तर दुसरं न्यायालय. जून २०२५मध्ये गाझातल्या संहाराविरुद्ध आझाद मैदानावर सभा घ्यायला मुंबई पोलिसांनी परवानगी नाकारली. त्यावर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उच्च न्यायालयात गेला. या पक्षाचा महाराष्ट्रात एकच आमदार, आणि तो आमचा, डहाणूचा. म्हणून निकालाकडे आमचंही लक्ष. २५ जुलैला खंडपीठाने याचिका फेटाळली आणि तोंडी जे सुनावलं त्याचा मथितार्थ वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचला: हजारो मैलांवरच्या गाझाचं कसलं घेऊन बसलात, आपल्या देशात प्रश्न कमी आहेत का, कचरा आहे, प्रदूषण आहे, गटारं आहेत, पूर आहेत, त्यावर बोला, देशभक्त व्हा. पुढे ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर सभेला परवानगी मिळाली, सभा झाली, आकाश कोसळलं नाही. तरी तो सल्ला मनात राहिला. छगलांच्या खुर्चीला दमण ते सेलवास आणि तिथून हेग एवढं दिसत होतं. खुर्ची तीच, चष्मा बदलला असेल.

पण सल्ला मोठ्यांचा. मी तो मनावर घेतला आणि आपल्याच देशाकडे बघायला म्हणून झाईला गेलो. झाई म्हणजे तलासरी तालुक्याचं समुद्राकडचं टोक, पलीकडे गुजरात. आपला समुद्र, आपल्या बोटी. कचऱ्यावरही बोलू, पण आधी बोटी.

तलासरी आणि डहाणू या दोन तालुक्यांतले आदिवासी तरुण हंगामाला गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळ. घरी उचल ठेवायची आणि आठ महिने पाण्यावर. ओख्याच्या पुढे समुद्रात एक रेषा आहे म्हणतात, भारत-पाकिस्तानची. ती पाण्यावर काढलेली नाही. मासळी पलीकडे असते, तांडेल तिच्यामागे, आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा येऊन बोट धरते. बोट तिकडेच कुजते, माणसं कराचीच्या मलीर तुरुंगात. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना याद्या देतात, २००८च्या कराराप्रमाणे, न चुकता. युद्धाच्या तोंडावर आले तरी याद्या देतात. १ जुलै २०२५च्या यादीत पाकिस्तानकडे १९३ भारतीय मच्छीमार होते आणि आपल्याकडे त्यांचे ८१. शिक्षा काही महिन्यांची असते. ती संपते आणि माणूस तिथेच राहतो, कारण आपल्या देशाने हा आमचा म्हणून सांगायचं असतं, आणि मग त्यांना वेळ मिळायचा असतो. तीन वर्षं, चार वर्षं. डहाणूत तिथून पेटीसुद्धा आलेली आहे.

या माणसांना मदत कोण नेतं? जतीन देसाईंसारखे मुंबईचे पत्रकार वर्षानुवर्षं अर्ज, याद्या, पत्रं यांच्या मागे असतात. आणि सुटका झालीच तर कराचीची एधी फाउंडेशन सुटलेल्यांना वाटखर्च देते, कपडे देते, हातात थोडे पैसे आणि घरच्यांसाठी भेटी देते. शत्रुराष्ट्राची संस्था, आमचा खलाशी. मग रेल्वेने लाहोर, वाघा, अटारी, अमृतसर आणि तिथून खाली. त्या कपड्यांत तो पाड्यावर येतो.

झाईहून परतताना एका घरी गेलो. घरातल्या बाईचा नवरा तिकडे आहे. तीन वर्षं होतील. तिने मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला: धक्क्यावर उकिडवी बसवलेली माणसं, तीन रांगा, हात गुडघ्यांवर, पुढे बंदूकवाला. पकडल्याचा पुरावा म्हणून तिकडच्यांनी काढलेला, कुठून कुठून फिरत हिच्यापर्यंत आलेला. कुणी सांगायच्या आधी तिला हा फोटोच आला. तिने तो दोन बोटांनी ताणून मोठा केला. दुसऱ्या रांगेत, डावीकडून पाचवा. चेहरा खाली आहे. "सदऱ्यावरून ओळखला," ती म्हणाली. "मीच घेतला होता. उंबरगावच्या बाजारातून."

रांगेत बसवण्याची रीत सगळीकडे सारखीच. इथे ब्लँकेट देत नाहीत एवढंच.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. माझ्या मोबाइलवर सुमूदच्या बोटींचे व्हिडिओ होते, तिला दाखवले. नारिंगी जाकिटं, हात वर केलेली माणसं, मागे काळा समुद्र. तिने ते फार लक्ष देऊन पाहिले, मासळी निवडताना बघतात तसे. मग त्यांचे आणखी एका प्रकारचे व्हिडिओ दाखवले. त्या लोकांनी निघण्याआधीच करून ठेवलेले: माझं नाव अमुक, माझा देश तमुक, तुम्ही हे बघत असाल तर मला समुद्रात पकडून नेलेलं आहे, माझ्या सरकारला सांगा. पासपोर्ट हातात धरून.

ती वारलीत बोलत होती, मी ते इथे छापील मराठीत घालतो आहे.

"यांना कधी सोडलं?"

"सोडायला लागलेत. चार दिवस, पाच दिवस. आठवड्यात बहुतेक सगळे घरी."

"चार दिवस," ती म्हणाली. मग तो पासपोर्टवाला व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. "हा आधीच करून ठेवला?"

"आधीच."

"कोणी शिकवलं?"

मला सांगता आलं नाही. मी आमच्या ग्रुपातला तो शब्द तिला सांगणार होतो, सेल्फी नौका. नाही सांगितला.

दिवाळी उरकल्यावर, भात झोडून झालं तेव्हा पुन्हा त्या बाजूला जाणं झालं. तिचा थोरला ओख्याला निघाला होता. अठरा-एकोणीसचा असेल. उचल घेतलेली, पैसे खर्चही झालेले, तेव्हा जाऊ नको म्हणायला घरात कुणाकडे काही नव्हतं. दारात पिशवी भरून ठेवली होती. आईने त्याला अंगणात कुडाच्या भिंतीपाशी उभा केला होता, उजेडाकडे तोंड करून. मोबाइल धाकटीच्या हातात. एका हातात त्याला आधार कार्ड धरायला लावलं होतं, दुसऱ्या हातात कागद, त्यावर बोटीचं नाव आणि नंबर, दुकानदाराकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलेला.

तो नाव सांगायला लागला, बापाचं नाव, पाडा, तालुका तलासरी, जिल्हा पालघर, आणि पालघर म्हणताना त्याला हसू फुटलं.

"हसू नको," आई म्हणाली. "परत कर. पहिल्यापासून."